टूरिंग बाईक घेताना: सीसी आधी की भरवसा आधी?

मागच्या व्हिडिओत आपण भाड्याच्या बाईक आणि गायडेड राइडचा धंदा यावर बोललो. त्यात एक विषय घाईत उरकला, तो इथे नीट लिहितो. विषय असा, की गाडी किती सीसीची घ्यायची?

आपल्या बॅचमधला एक मुलगा दापोलीकडचा. हातात बारा लाख. पुण्या-मुंबईचे पाहुणे खेडला रेल्वेने उतरणार, हा त्यांना बाईक देणार, सोबत स्वतः पुढे चालणार आणि हरिहरेश्वर, गुहागर असं दोन-तीन दिवस फिरवून आणणार. कल्पना चांगली आहे. त्याचा प्रश्न एकच होता, "सर, ४५० घेऊ की ३५०? पाहुण्यांना पॉवर पाहिजे ना!"

मी त्याला उलट विचारलं, तुझ्या रस्त्यावर पॉवर वापरायला जागा कुठे आहे?

बघा, मोटरसायकलला चौपदरी महामार्गावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि साध्या रस्त्यावर ६० ची. ही केंद्राची २०१८ ची अधिसूचना. ज्या रस्त्यांवर मोठं इंजिन खरंच मोकळं सोडता आलं असतं, ते मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतू तर दुचाकीला बंदच आहेत. उरला कोकणातला किनारी रस्ता. वळणं, चढउतार, गावातून जाणारी अरुंद वाट, मध्येच आडवी आलेली गाय. दाभोळ-धोपावे आणि वेसवी-बागमांडला इथे तर गाडी फेरीबोटीत चढवायची. ओल्या धक्क्यावरून, मागे माणूस बसलेला असताना, गाडी सावकाश बोटीत घालायची म्हणजे तिथे ४० बीएचपीचा काही उपयोग नाही. तिथे लागतो जमिनीला टेकणारा पाय आणि कमी आरपीएमला न अडखळणारं इंजिन.

म्हणजे मोठं इंजिन वाईट का? नाही. पण सीसी म्हणजे ताकद आणि ताकद म्हणजे भरवसा, ही जी साखळी आपल्या डोक्यात बसलेली आहे ती तुटायला पाहिजे.

सीसी म्हणजे फक्त सिलिंडरची जागा. त्या जागेतून कंपनीने किती ताकद काढली आहे, ते वेगळं बघावं लागतं. रॉयल एनफिल्डचं ३५० चं इंजिन ३४९ सीसीतून साधारण २० बीएचपी काढतं. लिटरला हिशोब केला तर ५८ च्या आसपास. नवी हिमालयन ४५० घेतली तर ४५२ सीसीतून सुमारे ४०, म्हणजे लिटरला ८८. डॉमिनार ४०० चं इंजिन ३७३ सीसीचं, तिथे हाच आकडा १०५ च्या घरात जातो. आणि गंमत बघा, हिरोची एक्सपल्स २०० फोरव्ही ही यातली सगळ्यात लहान गाडी, पण लिटरला ती ९५ च्या जवळ. ६४८ सीसीची इंटरसेप्टर मात्र ७२ वरच थांबते.

हा आकडा जास्त असला म्हणजे गाडी कच्ची असं कुणी समजू नका. जास्त ताकद काढणारं इंजिन जास्त फिरतं, जास्त तापतं, आणि मग त्याला रेडिएटर, कूलंट, पंखा, जास्त सेन्सर लागतात. वेळेवर ऑइल आणि कूलंट बघितलं तर ते वर्षानुवर्षं चालतं. पण भाड्याच्या गाडीचं वेळेवर कोण बघणार? तुम्हीच. पाहुणा टेम्परेचरच्या दिव्याकडे बघत नाही, तो समुद्राकडे बघतो. आणि गाडी दगडावर आडवी झाली तर एअर-कूल्ड इंजिनला तुटायला रेडिएटरच नसतो.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कुणीतरी १२५ सीसीच्या पाच गाड्या उचलेल. दोन माणसं, दोन बॅगा आणि आंबा घाट. लहान इंजिन हा चढ दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर पिळून चढतं. एकदा ठीक आहे, पण रोज तेच झालं तर क्लच प्लेट जळतात, ऑइल लवकर खराब होतं आणि इंजिन वेळेआधी म्हातारं होतं. म्हणून माझा साधा नियम असा आहे: तुमच्या नेहमीच्या वजनासकट, तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर जे इंजिन ॲक्सिलरेटर अर्धा-पाऊण उघडून आरामात चालतं, त्यातलं सगळ्यात लहान इंजिन घ्या. वाचलेला पैसा भरवशावर घाला.

रस्त्यात गाडी खरंच कशाने थांबते

टूरवर गाडी बंद पडली, की पिस्टन फुटला असं क्वचितच असतं. पंक्चर, क्लच केबल, बॅटरी, चेन, फ्यूज, तुटलेला ब्रेक लिव्हर, पाणी गेलेलं कनेक्शन. असल्याच गोष्टी. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने मीटिअर, क्लासिक आणि बुलेट ३५० मिळून २,३६,९६६ गाड्या परत तपासायला बोलावल्या होत्या. कारण इग्निशन कॉइल. इंजिन साधं, ताण कमी, तरी एका लहान पार्टमुळे एवढा व्याप. याचा अर्थ कंपनी वाईट असा नाही. दोष सापडला आणि त्यांनी गाड्या बोलावल्या, हे चांगलंच. आपल्यासाठी त्यातला बोध एवढाच, की एकदम नव्या मॉडेलच्या पहिल्या लॉटमध्ये पाच गाड्या एकत्र घेऊ नका. सहा-आठ महिने बाजारात फिरू द्या.

पंक्चरचं तर मी वेगळंच सांगतो, कारण यात लोक रंग बघून निर्णय घेतात. स्पोकची चाकं दिसायला छान, पण बहुतेक स्पोकमध्ये ट्यूब असते. ट्यूबचं पंक्चर म्हणजे चाक काढा, टायर उतरवा, आणि हे सगळं वेळासच्या अलीकडे जिथे दुकानच नाही तिथे. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर पट्टी लावून, हवा भरून दहा-पंधरा मिनिटांत पुढे निघता येतं, आणि ते काम तुम्ही स्वतः शिकू शकता. एकाच कंपनीच्या एकाच इंजिनाच्या गाड्यांत हा फरक सापडतो. मीटिअर ३५० ला अलॉय आणि ट्यूबलेस मिळतात, क्लासिक ३५० च्या काही व्हेरिएंटला स्पोक आणि ट्यूब. मीटिअरची सीटही खाली, ७६५ मिलिमीटरवर. बुटका पाहुणा असो की नवशिकी बाई, पाय टेकतो. पाय टेकला की गाडी कमी पडते, आणि गाडी कमी पडली की तुमचा लिव्हर-आरशाचा खर्च वाचतो.

कोकणात अजून एक शत्रू आहे, खारी हवा. चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल, आणि समुद्रकाठच्या राइडनंतर गोड्या पाण्याने धुणं. दोन हजारांची गाडी असो की चार लाखांची, गंज कुणाला सोडत नाही.

पार्टची चाचणी

शोरूमला जाण्याआधी एक काम करा. ज्या मॉडेलचा विचार आहे त्याचे क्लच केबल, पुढचे ब्रेक पॅड, क्लच लिव्हर, एक आरसा आणि एक इंडिकेटर, एवढे पाच पार्ट लिहून घ्या. मग तालुक्याच्या पार्टच्या दुकानात जा. मग सर्व्हिस सेंटरला जा. मग तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे जा. तिन्ही ठिकाणी दोनच प्रश्न: आत्ता आहे का, आणि नसेल तर किती दिवसांत? ब्रोशरमध्ये हे उत्तर नसतं.

होंडाची सीबी ३५० चांगली गाडी आहे, इंजिन ३४८ सीसीचं आणि वजन क्लासिकपेक्षा कमी. पण ती बिगविंगच्या दालनातून विकली जाते. तुमच्या गावापासून जवळचं बिगविंग किती किलोमीटरवर, हे बघितल्याशिवाय तिच्या इंजिनाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पुण्यात राहणाऱ्यासाठी उत्तर वेगळं येईल, मंडणगडवाल्यासाठी वेगळं.

भाड्याने देणाऱ्याला हे एवढं का महत्त्वाचं? आकडे हिशोबापुरते धरू, तुमच्या भागातले तुम्ही घाला. दिवसाचं भाडं १,२०० रुपये. एका पार्टसाठी गाडी बारा दिवस उभी राहिली, आणि त्यात दोन शनिवार-रविवार गेले. म्हणजे चार दिवसांचे ४,८०० गेले. ते परवडेल. पण आधी बुकिंग घेतलेल्या पाहुण्याला "गाडी नाही" सांगावं लागलं आणि त्याने शेजारच्याचा नंबर सेव्ह केला, तर त्याची किंमत वहीत लिहिता येत नाही.

बारा लाखांचा हिशोब

आता त्या मुलाच्या गल्ल्याकडे येऊ. भाड्याने मोटरसायकल द्यायची तर १९९७ ची केंद्राची रेंट-अ-मोटरसायकल योजना आहे, आणि तिच्यात किमान पाच गाड्या लागतात. गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देऊन "चालतंय की" म्हणणारे खूप आहेत. अपघात झाला की विमा कंपनी काय म्हणते ते मग कळतं. तर पाच गाड्या धरूनच चला.

४५० ची गाडी ऑन-रोड चार लाखांच्या आसपास धरली तर पाच गाड्यांचे वीस लाख. पहिला पाहुणा यायच्या आधी आठ लाखांचं कर्ज, आणि हातात शून्य. ३५० ची २ लाख ४० हजार धरली तर बरोबर बारा लाख. हातात इथेही शून्य, पण कर्ज नाही. २०० ची १ लाख ९० हजार धरली तर साडेनऊ लाख, आणि अडीच लाख शिल्लक.

निव्वळ कागदावर २०० जिंकते. हलकी आहे, १६० किलोच्या आतली, पडली तरी एकट्याला उचलता येते. पण याचे पाहुणे बहुतेक जोडपी. एक्सपल्ससारख्या गाडीची सीट उंच, ८२५ मिलिमीटर, आणि मागे बसणारीला दोन दिवस आरामात बसता येईल अशी ती नाही. शिवाय लोक कोकणात बुलेटच्या आवाजासाठीही पैसे देतात, हे विसरून धंदा होत नाही. म्हणून मी त्याला ३५० सुचवली. पाचही एकाच मॉडेलच्या, म्हणजे एका केबलचा एक स्पेअर पाचही गाड्यांना चालतो. त्यातल्या तीन रोख आणि दोन हप्त्यावर. रोखीचे ७ लाख २० हजार, दोन गाड्यांचं डाउन पेमेंट लाखभर, आणि उरलेले पावणेचार लाखांच्या आसपास परवाना, विमा, हेल्मेट, स्पेअर आणि पहिल्या तीन-चार महिन्यांच्या हप्त्यांसाठी.

आणि ४५० ला जास्त भाडं मिळतंच की, असं तो म्हणाला. मिळू दे. १,६०० धरू. चार लाख वसूल व्हायला २५० दिवस. ३५० ला १,२०० ने २ लाख ४० हजार वसूल व्हायला २०० दिवस. वर्षाला शंभर दिवस गाडी बाहेर गेली, तर एकीचे पैसे दोन वर्षांत सुटतात, दुसरीचे अडीच वर्षांत. यात व्याज धरलेलंच नाही.

सरकारनेही ३५० सीसीवर रेघ मारून ठेवली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी, आणि त्याच्या वर ४० टक्के. दोन लाखांच्या मूळ किमतीवर ३६ हजार की ८० हजार, एवढा फरक. भाड्याचा धंदा न करता फक्त दुकानाच्या फिरतीसाठी बाईक घेणाऱ्यांनी अजून दोन गोष्टी धराव्यात. नव्या खासगी दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आहे आणि ३५० च्या वर १५,११७. आणि अशा फिरतीच्या बाईकवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कलम १७(५) मुळे मिळत नाही. भाड्याच्या गाड्यांचं क्रेडिट हा वेगळा विषय आहे, तो तुमच्या सीएसमोर बसूनच ठरवा.

मोठं इंजिन कधी घ्यावं, हेही सांगतो. तुमच्या टूर लडाख-स्पितीला जाणार असतील तर हिशोब बदलतो. खारदुंगलाला, साडेसतरा हजार फुटांच्या आसपास, हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. फ्युएल इंजेक्शन पेट्रोल कमी करून मिश्रण सांभाळतं, पण नसलेली हवा कुठून आणणार? २० बीएचपीची गाडी तिथे दहा-अकराची होते, वर दोन माणसं आणि सामान. तिथे ४५० ची जादा ताकद चैन नाही, गरज आहे. पण तिथेही पार्टची चाचणी लेहमध्ये करा, पुण्यात नाही.

जुनी गाडी घेऊन सुरुवात करणाऱ्यांसाठी शेवटचं. सकाळी इंजिन थंड असताना जा, आणि विकणाऱ्याला सांगा की मी येईपर्यंत चालू करू नकोस. सर्व्हिसची नोंद मागा, चेन आणि स्प्रॉकेट बघा, हेडलाइटच्या मागे वायरिंगला कुणी काप मारून जादा दिवे जोडलेत का ते बघा. जादा दिवे, जादा हॉर्न, बदललेला सायलेन्सर असेल तर किंमत पाडून मागा किंवा सोडून द्या. परवान्याचे अर्ज आणि आरटीओची कागदपत्रं यावर पुढचा व्हिडिओ येतोय.