बेसिक किती?

शिवाजी पार्कात सकाळच्या फेरीला कान उघडे ठेवून चाललं, तर परदेशी गेलेल्या मुलांची यादी आपोआप पाठ होते. सॅन होजे, सिअ‍ॅटल, ह्यूस्टन. रस्ताही ठरलेला: बालमोहन, मग रुइया किंवा रुपारेल, मग व्हीजेटीआय नाहीतर आयआयटी, मग एम.एस. त्या यादीत मी कधीच नव्हते. मी गेले ती हाउसकीपिंगमध्ये. आधी आखातातल्या हॉटेलांत, नंतर क्रूझ जहाजांवर. आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी आईला जिन्यात गाठून विचारलं होतं, "म्हणजे नक्की काय करते गं ती तिथे? झाडू मारायला एवढ्या लांब?" आई म्हणाली, "मारत नाही, मारून घेते."

आईचं उत्तर अर्धंच खरं होतं. पहिली काही वर्षं मीही मारलाच.

आता मी परत येऊन स्थिरावले आहे आणि त्याच काकूंचा नातू सल्ला मागायला येतो. त्याच्यासारखे बरेच येतात. बी.कॉम. झालेले, हॉटेल मॅनेजमेंटवाले, स्पामध्ये काम करणाऱ्या मुली, एक फिजिकल ट्रेनर. ना इंजिनीअर, ना डॉक्टर. 'आमच्यासाठी बाहेर काही आहे का?' हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. आहे, भरपूर आहे. पण आमचं जाणं इंजिनीअरांच्या जाण्यापेक्षा मुळातच वेगळं असतं आणि ते कोणी सांगत नाही. इंजिनीअर जातो तो ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा राहायला. आम्ही जातो कराराने. करार संपण्याची तारीख पहिल्याच पानावर छापलेली असते. आखातात उभा जन्म नोकरी केली तरी साधारणपणे नागरिकत्व मिळत नाही, आणि जहाजाला तर नागरिक नसतातच. त्यामुळे जाताना विचारायचे प्रश्न परत येण्याबद्दलचे असतात. तिकीट कोण देणार, हातात काय उरणार, कुठल्या वयाला येणार आणि आल्यावर काय करणार.

मुंबईला हे नवं नाही. गिरगाव-धोबीतलाव भागात गोव्याच्या गावांचे क्लब होते, 'कूड' म्हणायचे. एकेका गावाची एकेक कूड. भिंतीला लावलेल्या पेट्या, एक देव्हारा आणि दोन बोटींच्या मधल्या दिवसांत टेकायला आलेली माणसं. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडियाच्या बोटींवर स्वयंपाकी, बटलर, स्टुअर्ड म्हणून गोव्याचे ख्रिस्ती लोक जायचे. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. वर्षातले बरेच महिने पाण्यावर, उरलेले घरी. आज माझी भाचेकंपनी ज्याला 'कॉन्ट्रॅक्टवर जाणं' म्हणते ते हेच. फक्त पेटीच्या जागी चाकांची बॅग आली.

माझ्या पिढीपर्यंत या कामाला शाळा मिळालेली होती, तीही दारात. वीर सावरकर मार्गावर, म्हणजे जुन्या दादरकरांच्या कॅडेल रोडवर, 'कॅटरिंग कॉलेज' आहे. पूर्ण नाव इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग टेक्नॉलॉजी अँड अप्लाइड न्यूट्रिशन. ते फक्त प्रमाणपत्रावर दिसतं. १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेने ते काढलं. ज्या कामाला घरात कोणी काम म्हणत नाही, त्याचा अभ्यासक्रम बायकांच्या संस्थेने केला, हे मला फार योग्य वाटतं. आता एन.टी.ए.ची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांची बी.एस्सी. करता येते. स्वयंपाकघर, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग असे चार विभाग शिकवतात. हाउसकीपिंग हौसेने मागणारं क्वचितच कोणी असतं. मला मात्र ते आवडलं. पार्कालगत वाढलेल्या माणसाला धूळ शिकवावी लागत नाही. वारा सुटला की मैदानातली लाल माती खिडकीच्या गजांवर, टीव्हीवर, आमटीच्या झाकणावर. आई दिवसातून दोनदा पुसायची आणि तरी बोट फिरवलं की लाल.

आखाताबद्दल सांगायचं तर सर्वांत आधी पगाराचा कागद. मुलं एकूण आकडा बघतात आणि हुरळतात. मी विचारते, बेसिक किती? संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्याप्रमाणे नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, त्यापुढे दर वर्षाला ३० दिवसांचा. पण हा पगार म्हणजे फक्त बेसिक. घरभाडं, प्रवास, इतर भत्ते त्यात धरत नाहीत. समजा दोघांना महिना ५,००० दिऱ्हम मिळतात. एकाचं बेसिक २,०००, दुसऱ्याचं ३,५००. पाच वर्षांनी पहिल्याच्या हातात ७,००० दिऱ्हम पडतील, दुसऱ्याच्या १२,२५०. काम तेच, महिन्याचा पगार तोच. तिथे आपल्यासारखा प्रॉव्हिडंट फंड परदेशी माणसाला नसतो, त्यामुळे आयुष्याची पुंजी म्हणून जे काही मिळतं ते या एका रकान्यावर ठरतं. मालक बेसिक का लहान ठेवतो, हे एवढ्यावरून कळावं.

दुसरा कागद ऑफर लेटर. २०१६ पासून अमिरातीत नियम आहे की भारतात सही केलेलं ऑफर लेटर आणि तिथला करार यांतल्या अटी जुळल्या पाहिजेत. म्हणून सही केलेली प्रत घरी ठेवून जायची. पासपोर्ट मालकाकडे ठेवून घेणं बेकायदा आहे. तरी माझा पहिल्या नोकरीत ठेवून घेतला होता, 'सेफ्टीसाठी'. हॉटेलचं नाव सांगत नाही. त्या काळी असं बऱ्याच ठिकाणी चालायचं.

तिसरा मुद्दा आपल्याच सरकारचा. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली दहावीसुद्धा न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ई.सी.आर., म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', असा शेरा असतो. ठरावीक देशांत कामाला जायचं तर त्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची परवानगी लागते. त्यामुळे त्याचा करार निदान कोणीतरी सरकारी माणूस डोळ्यांखालून घालतो. दहावी झालेल्यांना ते लागत नाही. म्हणजे बी.कॉम. झालेल्या मुलाला सरकारने शहाणा धरलेलं आहे. तो शहाणा आहे की नाही हे दुबईला उतरल्यावर कळतं. एजंटाने जमिनीवरच्या नोकरीसाठी ३०,००० रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, असा नियम आहे. एजंट नोंदणीकृत आहे का हे 'ई-मायग्रेट'च्या यादीत घरबसल्या बघता येतं. आणि टुरिस्ट व्हिसावर बोलावून 'नंतर बदलून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

जहाजाचे नियम वेगळे आहेत आणि कागदावर तरी ते आखातापेक्षा चांगले आहेत. खलाशांसाठी २००६ चा 'मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन' हा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. चादरी बदलणारी मुलगीही त्यात खलाशीच. तिच्याकडून नोकरी लावल्याचे पैसे घ्यायचे नाहीत, सलग १२ महिन्यांच्या आत तिला घरी पाठवायचं आणि परतीचा खर्च मालकाने करायचा. एजन्सीकडे डी.जी. शिपिंगचं आर.पी.एस.एल. हे लायसन्स हवं. मुलीने सी.डी.सी. काढायची, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक. आग विझवणं, पाण्यात उडी, प्रथमोपचार हे छोटे कोर्स करायचे, अमेरिकी बंदरांसाठी सी-वन/डी व्हिसा घ्यायचा. पाण्यात उडी म्हटल्यावर निम्म्या मुली गळतात. शिवाजी पार्कच्या पोरांनी तरी हे कारण सांगू नये. सावरकर मार्गावर महापालिकेचा तरणतलाव आहे.

प्रत्यक्ष काम कसं असतं ते सांगते, कारण 'क्रूझ' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर डेकवरच्या आरामखुर्च्या येतात. आमची केबिन पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही, बंक वरखाली. वरची बंक नवीन माणसाची. सगळ्यांत कठीण दिवस टर्नअराऊंडचा. सकाळी हजारो प्रवासी उतरतात, दुपारी तितकेच नवे चढतात आणि मधल्या काही तासांत प्रत्येक केबिन अशी दिसली पाहिजे की त्यात आजवर कोणी राहिलंच नव्हतं. पलंग असा करतात: खालची चादर उलगडून एकाच झटक्यात मध्यावर पाडायची, डोक्याकडची बाजू गादीखाली घालायची, मग कोपऱ्याशी लोंबता भाग उचलून गादीवर त्रिकोणात टाकायचा, खालचं टोक आत सारायचं, त्रिकोण खाली सोडायचा आणि तोही आत. घडी पंचेचाळीस अंशांत बसते. चार कोपरे, दोन मिनिटं. पाचव्या पलंगानंतर पाठ बोलायला लागते, दहाव्यानंतर बोलायची थांबते. मग बाथरूम. पाठोपाठ सुपरवायझर येते आणि टॉवेल किंवा साबण बघत नाही, दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवते. पुढे सुपरवायझर झाल्यावर मीही तेच केलं. बोट आईचं होतं.

त्याच दिवशी नव्या प्रवाशांचा मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याचा सराव. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचा ड्रिल तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ड्रिल घ्यावाच लागतो. आमच्या खात्याचं काम म्हणजे एकेक केबिन उघडून आत कोणी राहिलं नाही ना ते बघायचं आणि दारावर खूण करायची. सकाळी उशा मोजणारी मुलगी संध्याकाळी लाइफ जॅकेट घालून जिन्यात उभी असते. काकूंना हे कधी सांगितलं नाही.

करारात विश्रांती लिहिलेली असते: २४ तासांत किमान १०, आठवड्याला किमान ७७. वजाबाकी प्रत्येकाने आपापली करावी आणि मगच सही करावी. ही नोकरी विशी-तिशीची आहे. चाळिशीत गुडघे हिशेब मागतात.

पैशांबद्दल एकच गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे मुलं हकनाक कर भरतात किंवा उगाच नोटिशीला घाबरतात. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलेला खलाशी अनिवासी धरला जातो, पण हे दिवस मोजायचे एप्रिल ते मार्च, जानेवारी ते डिसेंबर नव्हे. अनिवासी खलाशाचा परदेशी जहाजावरचा पगार भारतातल्या एन.आर.ई. खात्यात जमा झाला म्हणून त्यावर कर लागत नाही. प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. मात्र कराराच्या तारखा दोन आर्थिक वर्षांत अशा वाटल्या गेल्या की दोन्ही वर्षांत भारतातले दिवस १८२ किंवा जास्त भरतात, तर तो वेगळा ताप. म्हणून पुढच्या कराराबद्दल कंपनीच्या माणसाशी बोलताना हातात कॅलेंडर हवं. सी.डी.सी.वरचे शिक्के हा तुमचा पुरावा. तिच्या प्रती काढून ठेवा.

दारं उघडतात, बंद होतात. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी वर्षाला ४१,७०० पौंड ही साधारण किमान मर्यादा केली आणि पदवीच्या पातळीखालची बहुतेक कामं यादीतून काढली. शेफ गेले, बाहेरून सेवा-शुश्रूषेला माणसं नेणंही थांबलं. अमेरिकेत हॉटेलवाल्यांना जे-१ प्रशिक्षण व्हिसा मिळतो, तोही १२ महिन्यांचा. जर्मनीला मात्र माणसं हवी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. यादीत नर्स आणि इलेक्ट्रिशियनबरोबर वेटर, स्वयंपाकी, हाउसकीपर हेही होते. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे, पण त्याचा व्हिसाला उपयोग नाही. उपयोग भाषेचा. तिथे हॉटेलच्या कामाची 'आउसबिल्डुंग' असते. साधारण तीन वर्षं, काही दिवस शाळा, काही दिवस हॉटेल, आणि महिन्याला विद्यावेतन. त्यासाठी सहसा बी-१ पातळीची जर्मन लागते. काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात नाव घालायला सांगितलं की मुलं म्हणतात, मावशी, एवढा वेळ कुठे आहे? एजंटाला द्यायला कर्ज काढायला वेळ असतो. आणि एवढ्या मुलुखांत हा एकच असा, जिथे आमच्या कामाच्या माणसाला परत न येण्याचाही विचार करता येतो.

परत यायची वेळ २०२० ला करोनामुळे हजारोंवर एकदम आली. मी तेव्हा किनाऱ्यावर होते. एप्रिलमध्ये 'मरेला डिस्कव्हरी' ही क्रूझ बोट मुंबईबाहेर नांगर टाकून उभी होती. त्यावरच्या सुमारे दीडशे भारतीयांना उतरवून घेण्यासाठी केंद्राला आधी नवी कार्यपद्धती काढावी लागली. घरी पोहोचल्यावरही कित्येकांना पुढचा करार लवकर मिळाला नाही, आणि करार नाही म्हणजे पगार नाही. ज्यांनी निम्मा पगार बाजूला ठेवला होता ते तरले. बाकीच्यांनी मिळेल ते काम धरलं.

मी स्वतः परतले तेव्हा इथल्या हॉटेलांनी माझ्या अनुभवाचं कौतुक केलं आणि निम्म्या पगाराचा आकडा पुढे सरकवला. मी एका रुग्णालयात गेले. तिथल्या हाउसकीपिंगला जहाजावरचा माणूस सोन्यासारखा, कारण नोरोव्हायरसची लाट जहाजावर कशी आवरतात हे आम्ही हातांनी केलेलं असतं: कुठलं फडकं कुठल्या खोलीत जायचं नाही, दाराची मूठ, जिन्याचा कठडा, लिफ्टचं बटण दिवसातून किती वेळा. हे मी मुद्दाम सांगते, कारण परतल्यावर हॉटेल एवढा एकच दरवाजा असतो असं नाही. रुग्णालयं, मोठ्या कंपन्यांच्या इमारती, विमानतळ, सगळ्यांना ही माणसं लागतात.

काकूंच्या नातवाला दुबईच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसची ऑफर आली, तेव्हा आम्ही दोघांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर तो कागद उलगडला. बेसिक एकूण पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंही नव्हतं. त्याला म्हटलं, एकूण रक्कम वाढवून मागू नकोस, तीच रक्कम वेगळी वाटून माग. तो घाबरला, ऑफर जाईल म्हणाला. ई-मेल मी सांगितली, त्याने टाइप केली. आठवड्याने उत्तर आलं: बेसिक निम्म्यापर्यंत आणलं होतं, पण वर्षाआड मिळणारं घरचं तिकीट काढून टाकलं होतं. त्यावर दुसरी ई-मेल आज गेली आहे.