कललेलं देऊळ उलटं झालं तर?

वाराणसीचा शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधला. त्याच्या शेजारी, गंगेच्या अगदी काठाला, रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे. ते सरळ नाही, चक्क एका बाजूला कललंय!

समजा, आपण उभे आहोत तिथून शिखर उजवीकडे झुकलेलं दिसतंय. पाणी संथ असेल तर प्रतिबिंबात शिखर खाली जाईल, पण झुकेल उजवीकडेच.

आता आजोबांचं पेपर वाचायचं भिंग घेऊ. मध्ये फुगीर, म्हणजे बहिर्वक्र. देवळाकडे तोंड करून ते समोर धरायचं आणि भिंग व डोळे यांच्या मध्ये बटर पेपर. कागद हळूहळू मागेपुढे सरकवा. अरेच्चा! कागदावर इवलंसं रंगीत देऊळ. शिखर खाली आणि झुकलंय डावीकडे! उजवीकडे निघालेली होडीसुद्धा कागदावर डावीकडे चाललीय.

असं का? शिखरावरून निघालेले किरण भिंगातून वळतात आणि पलीकडे एका बिंदूत खरोखर भेटतात. वरून आलेले खाली, उजवीकडून आलेले डावीकडे. प्रकाश तिथे खरंच पोचतो, म्हणून कागदावर चित्र उमटतं. ही वास्तव प्रतिमा.

पाण्यातल्या देवळापाशी मात्र कागद नेऊन उपयोग नाही. तिथे किरण भेटतच नाहीत. ते पाण्यावरून फक्त परततात आणि ‘हे खालूनच आले’ असं आपल्याला वाटतं. ही आभासी प्रतिमा.

भिंगही हा खेळ खेळतं बरं का! भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे खूप लांबच्या वस्तूचं चित्र भिंगापासून जेवढ्या अंतरावर उमटतं ते, १० सेंटिमीटर असेल आणि पुस्तक ५ सेंटिमीटरवर धरलं, तर किरण पलीकडे भेटत नाहीत, पसरतच जातात. मग अक्षरं सुलटी आणि दुप्पट मोठी दिसतात. पण कागदावर? छे, उमटणारच नाहीत!

वाराणसी लांब आहे? मग दिवसा खिडकीसमोर भिंग धरा. बाहेरचं झाड कागदावर उलटं पकडा. फक्त सूर्याकडे भिंग वळवायचं नाही आणि भिंगातून सूर्य तर मुळीच बघायचा नाही.

आता ओळखा: भिंगाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला तर झाड अर्धंच दिसेल? नाही, अख्खंच दिसेल, फक्त फिकं! कारण झाडाच्या प्रत्येक पानावरचा प्रकाश भिंगाच्या उघड्या अर्ध्या भागातूनही येतोच ना!