कपडे पाहून दिलेली जागा

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय नागपूरच्या गांधीबागेतल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सभेत सोन्याची अंगठी घातलेला, भारी कपड्यांतला माणूस आला की त्याला चांगली जागा; मळक्या कपड्यांतल्या गरिबाने मात्र उभं राहायचं, नाहीतर पायाशी बसायचं. असा भेद करणाऱ्या विश्वासणाऱ्यांना याकोब सरळ अपराधी ठरवतो. इथल्या कापडबाजारात गिऱ्हाइकाच्या अंगावरचं कापड पाहून कोणतं ठाण उलगडायचं ते ठरतं आणि धंद्यात ते खपूनही जातं. ख्रिस्ताच्या मंडळीत ते खपत नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हापासूनच्या काळात आपण हा अध्याय किती पाळला?

पाळणारे होते. कवी ना. वा. टिळक ख्रिस्ती होण्याआधी नागपुरातच धनिक अप्पासाहेब बुटींकडे होते. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे नवऱ्याकडे परतल्या तरी बराच काळ त्यांचं सोवळं, पाणी, चूल सगळं वेगळं होतं. ते त्यांनी सोडलं ते कुणाच्या दडपणाखाली नव्हे, स्वतः विचार करून, आणि बाप्तिस्मा त्यानंतर घेतला. आधी विटाळ सुटला, मग पाण्याचा विधी झाला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण पुष्कळांचा तो उलटा राहिला.

आणि न पाळल्याची आठवण म्हणजे जाईबाई चौधरी. १८९२ मध्ये उमरेडला महार कुटुंबात जन्म. दुष्काळाने घर नागपुरात आलं. बाई डोक्यावर ओझी वाहून पोट भरत. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना हेरलं आणि महिना चार रुपयांवर मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून नेमलं. हमालीतून थेट फळ्यापुढे! जाईबाईंची जात कळताच सवर्णांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि नोकरी गेली. मला बहिष्कार घालणाऱ्यांपेक्षा शाळा अधिक टोचते. वर्ग ओस पडले असते तर पडू द्यायचे होते. बाई राहायला हवी होती. जाईबाईंनी १९२२ मध्ये चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. आमच्या हातून निसटलेलं काम त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. पंथांच्या भिंती पडल्या, जातीची पडली नाही. चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो, हे कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये आपल्या धोरणात लेखी मान्य केलं.

भेद सरकारदरबारीही झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या बाहेर राहिले. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो दर्जा मिळाला, ख्रिस्ती अजून न्यायालयाच्या दारात आहेत. ही मागणी न्याय्य आहे आणि मी ती मनापासून मानतो. पण सरकारपुढे जात अजून छळते म्हणून सांगायचं आणि मुलीचं स्थळ पाहताना ‘मूळचे कोण?’ असं हळूच विचारायचं, हे दोन्ही आपल्याच घरांत चाललंय. मंडळीच्या पास्टोरेट कमिटीची नावं ठरतानाही हाच प्रश्न डोकावतो. स्थळ पाहताना तो विचारला जाईल तिथे, पाहुण्यांसमोर, आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी ‘हे स्थळ याच कारणाने नको म्हणत असाल, तर उठतो’ असं म्हणायला हवं.