औषधाची पेटी आणि तिची किल्ली

उजनीच्या जलाशयाकाठी एक साखर कारखाना आहे. नाव सांगत नाही. तिथे बॉयलरपाशी काम करणाऱ्या एका कामगाराचा हात वाफेने भाजला. भिंतीवर प्रथमोपचाराची पांढरी पेटी होती, तिच्यावर तांबडी फुली होती, आणि तिला भलेमोठे कुलूप होते. किल्ली टाइमकीपरकडे, आणि टाइमकीपर बाजाराला गेलेला. पेटी उघडली तेव्हा तीत मलमाऐवजी तंबाखूची डबी आणि हजेरीचे जुने कागद निघाले. मी तेव्हा युनियनचा तरुण कार्यकर्ता. व्यवस्थापकापुढे जाऊन संतापाने म्हणालो, "हे कुलूप आजच्या आज काढा." एका वडीलधाऱ्या फिटरने मला बाजूला घेऊन समजावले, "अरे बाबा, कुलूप काढलेस तर आठ दिवसांत तीत पट्टीसुद्धा राहायची नाही." आम्हा दोघांचेही म्हणणे खरे होते. औषध बंद ठेवावे कसे आणि वेळेला उघडावे कसे, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला तो लागलाच.

१९४८ च्या कारखाना कायद्याचे ४५ वे कलम कित्येक दशके आमच्या कामी आले. दर १५० कामगारांमागे निदान एक पेटी. ती कामाच्या सर्व वेळात हाताशी असावी. ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज तीत दुसरे काही ठेवू नये. आणि ती प्रथमोपचाराचा दाखला असलेल्या, कामाच्या वेळी हजर राहणाऱ्या एका जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी. पुढे कायद्यांची फेरमांडणी झाली, पण हे कलम मला अजून तोंडपाठ आहे. त्यात कुलपाचा शब्दही नाही. त्याने पेटीला माणूस जोडला.

तेव्हा पेटी करण्यापूर्वी अडवायचे कोणाला, हे आधी ठरवावे. तीन वर्षांच्या पोराला अडवणे वेगळे, चोराला अडवणे वेगळे, आणि घाईत भलतीच बाटली उचलणाऱ्या आपल्या स्वतःच्या हाताला अडवणे आणखी वेगळे.

पोराचे आधी पाहू. कॅनडातील विंडसर शहरी डॉ. हेन्री ब्रो नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. गोळ्या गिळलेली मुले पाहून ते त्रासले होते. त्यांच्या खटपटीने १९६७ साली तळहाताने दाबून मग फिरवायचे झाकण तयार झाले. दाबणे आणि फिरवणे या दोन क्रिया एकाच वेळी करणे लहान मुलाला जमत नाही, एवढ्यावर ती सारी युक्ती उभी आहे. अमेरिकेत १९७० साली यासंबंधी कायदा झाला. तिथे झाकणाची परीक्षा खरोखरीची मुले घेतात! साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांना पाच मिनिटे बाटली देतात. शेकडा ८५ मुलांना ती उघडता येऊ नये. मग उघडून दाखवतात, दात लावायचीही मुभा देतात आणि आणखी पाच मिनिटे देतात. तरीही शेकडा ८० मुले हरली पाहिजेत. उलट ५० ते ७० वर्षांच्या माणसांपैकी शेकडा ९० जणांना तेच झाकण उघडता आले पाहिजे. म्हणजे उत्तीर्ण झालेले झाकणसुद्धा काही मुले उघडतातच. त्याने आपल्याला थोडा वेळ मिळतो, इतकेच.

आता कंदर, चिखलठाण, कुगाव या बाजूच्या वस्त्यांवर चला. जुनी गावे पाण्याखाली गेली, घरे रानात विखुरली. दवाखाना लांब, म्हणून घरात औषधांचा साठा: आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, पोराचे खोकल्याचे औषध, आणि त्याच फळीवर जनावरांचे औषध व तणनाशक. तणनाशक कित्येकदा सरबताच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवलेले. इथे पहिले काम कुलपाचे नाहीच. विष मूळ डब्यात ठेवून घराबाहेर वेगळ्या जागी बंद करणे, हे पहिले काम. औषधांना पत्र्याची पेटी चालेल, पण सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो आणि बहुतेक गोळ्यांच्या वेष्टनावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असे छापलेले असते. म्हणून पेटी तापलेल्या पत्र्याखाली नको, सावलीच्या भिंतीला हवी. तीन आकड्यांच्या कुलपाला १००० जुळण्या असतात. एकेकीला तीन सेकंद धरले तर ५० मिनिटांत सगळ्या संपतात. पोरापुरते हे कुलूप ठीक, पण व्यसनात अडकलेल्या थोरल्या मुलापुढे ते टिकत नाही. आणि किल्लीचे कुलूप घेतले तर किल्ली पेटीवरच ठेवायची नसते! हे मी हसण्यासाठी सांगत नाही, दहा घरांत पाहिले आहे.

रुग्णालयात मॉर्फिन दुहेरी कुलपात असते, कपाटात कपाट. पाळी बदलताना जाणारी आणि येणारी परिचारिका दोघी मिळून नग मोजतात आणि वहीत सह्या करतात. पाळीत चार्ज देणाऱ्या-घेणाऱ्या कामगाराला हे समजावून सांगायला नको. मात्र कुलूप अतिही होते. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांची अशी उतरंड रचली की कर्करोगाने तळमळणाऱ्या रोग्यालाही मॉर्फिन मिळेना. ती सैल करण्यासाठी २०१४ साली कायदा दुरुस्त करावा लागला. मधल्या २९ वर्षांत जे कण्हत गेले, त्यांची नोंद कोणत्या वहीत आहे?

आमच्या कारखान्याचा गुंता अखेर विजेच्या मीटरने सोडवला. मीटरला कुलूप नसते, तारेचे सील असते. ते कोणालाही तोडता येते, पण तोडल्याचे लपवता येत नाही. मोठ्या रुग्णालयांत तातडीच्या औषधांच्या गाडीलाही असेच तुटणारे सील लावतात. आम्ही कुलूप काढले, सील लावले, शेजारी वही टांगली. पट्ट्या चोरीला जाणे पुष्कळ कमी झाले. अजिबात थांबले असे म्हणणार नाही.

खरी पंचाईत ऊसतोडीच्या कोपीत झाली. तिथे खुंटी ठोकायला भिंतच नाही. मुकादम म्हणाला, औषधे ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत ठेवू. पण ट्रॅक्टर रात्री उसासकट कारखान्याच्या गाडीतळावर उभा, आणि पोराला ताप चढतो तो रात्रीच. शेवटी टोळीतल्या बायकांनीच तोड काढली. पत्र्याच्या डब्याला दोन कड्या, त्यांतून सील, आणि डबा कोपीच्या आढ्याला दोरीने टांगलेला, फक्त मोठ्यांचाच हात पोचेल इतक्या उंचीवर. डबा आणि वही सातवी शिकलेल्या एका सुनेच्या ताब्यात दिली. हंगाम संपल्यावर ती वही मी पाहिली. एका तारखेपुढे लिहिले होते: 'कोयता लागला. पट्टी घेतली. नवे सील नाही, दोरा बांधला.'