काट्याविना बक्कल

घोड्याचा साज म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे पितळी फुले, रंगीत गोंडे, घुंगरांची माळ आणि फार तर लगाम उभा राहतो. पट्ट्याला पट्टा जोडणाऱ्या बकलांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक टांग्याच्या एका घोड्याच्या साजात डझनाहून अधिक बकले असतात, आणि घोड्याच्या पाठीवर जखम होणार की नाही, हे पुष्कळदा त्यांतल्या एखाद्यावरच ठरते. ग्वाल्हेर, इंदूर, बेळगाव या शहरांच्या रस्त्यांवरून टांगे बहुतेक दिसेनासे झाले. तरी माथेरानच्या तांबड्या वाटांवर, वरातीत आणि घोडेस्वारीच्या शाळांत घोडा अजून आहे, आणि त्याच्या अंगावर साजही आहे. या लेखात आम्ही एका बकलाचीच रचना कशी करावी, ते सांगणार आहोत. गणिताची वही जवळ असल्यास उत्तम. नसल्यासही बिघडणार नाही.

आपल्या परिचयाच्या बकलात तीन अवयव असतात : चौकट, तिच्या एका बाजूवर फिरणारा काटा, आणि पट्ट्यात पाडलेली भोके. ही युक्ती फार जुनी असून रोमन सैनिकांच्या चिलखतांवरही अशी बकले सापडली आहेत. आपला ‘बक्कल’ हा शब्द इंग्रजीतून आला; पण त्याचे मूळ लॅटिनमधील ‘गाल’ या अर्थाच्या शब्दात आहे, कारण शिरस्त्राणाचा गालावरून येणारा पट्टा बकलाने आवळीत असत. तो साज करणाऱ्या कारागिराचे नाव मात्र आपल्याकडे फारशीतून आले. जीन म्हणजे खोगीर. ते करणारा तो जिनगर. खोगिरात जे सापडेल ते कोंबण्याच्या रीतीवरून ‘खोगीरभरती’ हा शब्द निघाला, हे वाचकांना ठाऊक असेलच. चांगल्या जिनगराच्या हातच्या खोगिरात मात्र ‘खोगीरभरती’ नसते!

काट्याच्या बकलाचे दोष तीन. पहिला भोकांचा. पट्टा २५ मिलिमीटर रुंद असेल आणि भोक ५ मिलिमीटरचे, तर त्या जागी पट्ट्याचा पाचवा हिस्सा गेलाच. शिवाय रोजच्या ओढीने भोक लांबट होत जाते आणि पट्टा तेथेच तुटतो. दुसरा दोष अंतराचा. दोन भोकांमध्ये साधारण २५ मिलिमीटर अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. एका भोकात पट्टा सैल आणि पुढच्यात घट्ट, अशी अवस्था त्यामुळे नेहमी येते. सैल पट्टा चालताना सरकतो, घामाने मऊ झालेले केस घासून काढतो, आणि दोन दिवसांत तेथे चट्टा पडतो. घट्ट पट्टा घोड्याचा श्वास अडवितो. पट्ट्याखाली दोन बोटे सपाट जावीत, हा जुन्या लोकांचा नियम शहाणपणाचा आहे. परंतु घोड्याचे पोट भोकांचा हिशेब पाहून वाढत नाही वा उतरत नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. काटा भोकातून काढावयाचा, तर पट्टा आहे त्याहून थोडा अधिक ओढावा लागतो. घोडा उभा असताना हे सहज जमते. पण घसरड्या रस्त्यावर घोडा दोन दांड्यांमध्ये कोसळला, त्याच्या अंगाचा सारा भार पट्ट्यावर आला आणि तो जिवाच्या आकांताने पाय झाडू लागला, म्हणजे तो ताणलेला पट्टा आणखी ओढणार कोण? अशा वेळी चाकूने पट्टा कापणे एवढाच उपाय उरतो. चाकू जवळ नसेल, तर घोडा तसाच तडफडत राहतो.

यावरून आपल्याला काय हवे ते स्पष्ट होते. भोकाविना पट्टा कोठेही पकडणारे, ओढ वाढेल तशी पकडही वाढविणारे, आणि तरीही भार असताना एका हाताने सुटणारे बक्कल पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी आणि तिसरी यांचे उघड भांडण आहे. ते मिटविण्यातच रचनेचे सारे कसब आहे.

दाराखाली पाचर मारली, की दार जितके ढकलावे तितकी ती अधिक रुतते. चिमटा-बकलाचे तत्त्व हेच. चौकटीच्या तळाला एक सपाट पत्रा. त्याच्या वर, चौकटीच्या दोन भिंतींमध्ये बसविलेल्या खिळीवर फिरणारा एक तुकडा. त्याला आपण पंजा म्हणू. पट्टा पत्रा आणि पंजा यांच्यामधून जातो. खिळीपासून पट्ट्यावर सरळ लंब टाकला, तर पंज्याचे टोक त्या लंबाच्या किंचित मागे, म्हणजे ओढीच्या उलट बाजूस, पट्ट्याला टेकले पाहिजे. आता पट्टा ओढला, की तो टोकाला आपल्याबरोबर लंबाकडे नेऊ पाहतो. लंबाकडे जाताना टोकाला जागा अपुरी पडते, आणि पट्टा दाबला जातो. जास्त ओढ, जास्त दाब.

पण टोक ‘किंचित’ मागे म्हणजे किती? येथे घर्षणाचा प्रश्न येतो. खिळीची पट्ट्यापासूनची उंची आणि टोकाचे लंबापासूनचे अंतर घेऊन त्या अंतराला उंचीने भागावे. येणारे गुणोत्तर घर्षणगुणकाहून कमी असेल तरच पंजा आपोआप रुततो. अधिक असेल, तर पट्टा खालून निसटतो. घर्षणगुणक काढण्यास प्रयोगशाळा लागत नाही. एका फळीवर पितळेचा पत्रा ठोकावा, त्यावर चामड्याचा तुकडा ठेवून वर वजन ठेवावे, आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. चामडे घसरू लागताच थांबावे. उचललेल्या टोकाची उंची २० सेंटिमीटर आणि त्याखालील आडवे अंतर १०० सेंटिमीटर भरले, तर गुणक ०.२० झाला. हाच प्रयोग कोरड्या चामड्यावर, तेल दिलेल्या चामड्यावर आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या चामड्यावर करून पाहावा. घोड्याचा घाम खारट असतो आणि साजाला तेल द्यावेच लागते. म्हणून यांतील सर्वांत लहान आकडा घेऊनच पुढे जावे. आम्ही येथे ०.२० धरतो, आणि थोडी जागा राखून आपले गुणोत्तर ०.१५ ठेवतो.

नवशिका येथपर्यंत आला, की ठराविक लांबीचा पंजा करून मोकळा होतो. तो पंजा फार दिवस चालणार नाही. खिळीपासून टोकापर्यंत पंजा २० मिलिमीटर लांब आहे असे समजू. गुणोत्तर ०.१५ असताना खिळीची उंची १९.७८ मिलिमीटर येते. म्हणजे पट्टा दाबाने वा झिजेने केवळ पाव मिलिमीटर पातळ झाला, की टोक लंब ओलांडून पलीकडे जाणार आणि पकड एका क्षणात नाहीशी होणार. चामडे तर हाताने आवळले तरी एवढे दबते!

उपाय असा, की पंज्याची कडा वक्र करावी, आणि पंजा फिरेल तशी खिळीपासूनची त्रिज्या वाढत जावी. तीही अशा रीतीने, की गुणोत्तर कोठेही बदलू नये. हा गुण एकाच वक्रात असतो. त्याला समकोनी सर्पिल म्हणतात. काही शंखांच्या वेटोळ्यांत तो जवळजवळ जसाच्या तसा आढळतो. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील गणिती याकोब बेर्नुली या वक्रावर इतका लुब्ध होता, की आपल्या थडग्यावर तो कोरावा अशी त्याची इच्छा होती. १७०५ मध्ये तो वारला; पाथरवटाने कोरले ते भलतेच सर्पिल. आपल्याला तो काढण्यास पुठ्ठा, कोनमापक आणि पट्टी पुरे. एका बिंदूपासून २० मिलिमीटरची रेषा काढावी. तिच्यापासून २० अंशांवर २१.१, ४० अंशांवर २२.२ आणि ६० अंशांवर २३.४ मिलिमीटरची रेषा काढून त्यांची टोके हलक्या हाताने जोडावीत. एवढ्या कडेने पट्ट्याच्या जाडीतील तीन मिलिमीटरहून अधिक फरक सांभाळला जातो.

आता चामड्याची बाजू घेतली पाहिजे. घोडा दिवसभर ओढताना आपल्या वजनाच्या सुमारे दशांशाएवढी ओढ लावतो. ४०० किलोच्या घोड्याची ती ४० किलो झाली. खड्ड्यातून चाक काढताना ती कितीतरी वाढते. आपण एका पट्ट्यावर १०० किलो धरू. पंज्याकडून दाबाच्या ०.१५ पट आणि खालच्या पत्र्याकडून फार तर ०.२० पट असा आधार मिळतो. दोन्ही मिळून ०.३५. तेव्हा १०० किलो पेलण्यास पंज्याला सुमारे २८५ किलोंचा दाब द्यावा लागेल. पंज्याची कडा धारदार असेल तर हा सारा दाब एका रेषेवर येऊन चामडे चिरडेल. दात पाडलेला पंजा तर आम्हाला मुळीच मान्य नाही. भोके टाळण्यासाठी बक्कल करावयाचे, आणि त्यानेच रोज नवी भोके पाडावयाची, हा कोणता न्याय? उथळ आडव्या खाचा, त्यांच्या कडा गोल घासलेल्या, एवढे पुरे.

दाब कमी करण्याची युक्ती दुसरीकडेच आहे. उधळू पाहणारा बैल एकटा माणूस कसा थोपवितो? दोराचे खुंट्याला वेढे देऊन. पट्टा पंज्याखाली नेण्यापूर्वी एका आडव्या गोल गजावरून अर्धा वेढा देऊन मागे वळविला, तर ०.२० गुणकाने १०० किलोंची ओढ गजाच्या पलीकडे ५३ किलोच उरते. मग पंज्याचा दाबही १५० किलोंवर येतो. गज मात्र बारा मिलिमीटरहून बारीक नसावा. चामडे तीव्र वळणावर भेगाळते. पट्ट्याची दिशा आता उलटली, त्याप्रमाणे पंजाही उलटा बसवावयाचा, हे विसरू नये.

सोडविण्यासाठी पंज्याला ६० मिलिमीटरची दांडी जोडावी. वरील आकड्यांनी हिशेब केला, तर तिच्या टोकाशी अडीच ते तीन किलोंचा जोर लागतो. चामडे कोरडे असल्यास चार-साडेचार. हा हिशेब कागदावरचा आहे. प्रत्यक्षात चिखल आणि अडकलेला पट्टा यांमुळे दुप्पट जोर धरूनच दांडी ठरवावी. तरीही तो एका हाताच्या आवाक्यातला आहे, आणि पडलेला घोडा चाकूवाचून मोकळा होतो. दांडीचे मोकळे टोक घोड्याच्या शेपटीकडे असावे. घोडा पुढे जाताना फांद्या पुढून मागे घासतात. टोक मागे असले तर त्या दांडी दाबतील, उचलणार नाहीत. शिवाय दांडी चामड्याच्या छोट्या कडीत अडकवून ठेवावी.

खिळीवर एक हलकी स्प्रिंगही हवी. दुडक्या चालीत प्रत्येक पावलाला पट्टा क्षणभर सैल होतो. त्या क्षणी पंजा पट्ट्यापासून सुटला, तर दर पावलाला केसभर असे करीत पट्टा मैलभरात चार बोटे सरकेल.

धातूविषयी थोडक्यात. चौकट पितळेची किंवा न गंजणाऱ्या पोलादाची असावी, साध्या लोखंडाची नको. बाभळीच्या सालीने वा हिरड्याने कमावलेल्या चामड्याला ओले लोखंड लागले, की काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई पूर्वी घरोघरी होत असे. हा डाग म्हणजे तीच शाई. नायलॉनच्या पट्ट्यांना ही भीती नाही, आणि भोकांनी त्यांचे धागे तुटत असल्यामुळे त्यांना चिमटा-बक्कल अधिकच शोभते. पण ते गुळगुळीत असतात. फळीचा प्रयोग त्यांच्यावर नव्याने केलाच पाहिजे.

एक इशारा द्यावासा वाटतो. लगामाला हे बक्कल लावू नये. काट्याचे बक्कल ढिले झाले तरी पट्टा धरून ठेवते. चिमटा फसला तर पुरता फसतो, आणि लगाम सुटलेल्या घोड्यापुढे कोणाचेच काही चालत नाही. पोटपट्टा, छातीपट्ट्याला तोलणारा मानेवरचा पट्टा अशा, रोज कमीजास्त कराव्या लागणाऱ्या जागी ते वापरावे. तेथेही पट्ट्याचे शेवट दुमडून शिवावे, म्हणजे तो सरकला तरी बकलातून पार निघून जाणार नाही. बकलाखाली, घोड्याच्या अंगाकडून, मऊ चामड्याची गादी असावी.

नमुना तयार झाल्यावर तो घोड्यावर नव्हे, तुळईवर टांगावा. पट्ट्यावर बकलाच्या कडेला खडूची रेघ ओढावी आणि वाळूची पोती एकेक करून १०० किलोंपर्यंत लटकवावीत. मग भार उचलून पुन्हा सोडावा, असे शंभर वेळा. नंतर पट्टा खाऱ्या पाण्यात रात्रभर भिजवून, तेल लावून, तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. कोरड्या पट्ट्यावर हलली नाही ती रेघ ओल्या पट्ट्यावर दोन मिलिमीटर जरी सरकली, तरी पंजा काढून ०.१५ ऐवजी ०.१२ च्या गुणोत्तराने नवे सर्पिल आखावे आणि पोती पुन्हा लटकवावीत.