प्रकाशाची साक्ष

[एखाद्या वस्तूला धक्का न लावता ती कशाची बनली आहे, हे ओळखता येते का? भारतीय शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधामुळे हे कसे शक्य झाले, ते या पाठात सांगितले आहे.]

जुन्या हस्तलिखितांतील रंगीत चित्रे तुम्ही पाहिली असतील. शेकडो वर्षे लोटली, तरी त्यांतील निळा रंग ताजा वाटतो. हा रंग कशाचा असेल? कदाचित ती लाजवर्द या दगडाची पूड असेल. हा दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येत असे. किंवा ती नीळ असेल. नीळ एका झाडाच्या पानांपासून काढतात. एक रंग खनिज, तर दुसरा वनस्पतिजन्य. डोळ्यांना मात्र दोन्ही निळेच दिसतात. मग ओळखायचे कसे?

पूर्वी रंगाचा कण खरवडून त्यावर रसायने टाकीत. पण खरवडलेला कण पुन्हा जागेवर बसवता येत नाही. चित्राला इजा न करता परीक्षा करण्याचा मार्ग हवा होता. तो प्रकाशाने दाखवला.

1921 साली रामन इंग्लंडहून बोटीने भारतात परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून ते विचारात पडले. पाण्याचे रेणू प्रकाश कसा विखुरतात, या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही. कलकत्त्याला परतल्यावर त्यांनी अनेक द्रवांवर प्रयोग केले. के. एस. कृष्णन हे त्यांचे सहकारी होते. अखेर 28 फेब्रुवारी 1928 रोजी शोध लागला. त्यासाठी रामन यांना 1930 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 28 फेब्रुवारी हा दिवस आपण 'राष्ट्रीय विज्ञान दिन' म्हणून पाळतो.

शोध काय होता? एखाद्या पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाका. विखुरलेला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा असतो. पण सुमारे एक कोटी प्रकाशकणांमागे एखाद्या कणाचा रंग किंचित बदलतो. असे का होते? पदार्थातील अणू स्थिर नसतात, ते सतत कंप पावतात. प्रकाशकण त्यांना थोडी ऊर्जा देतो किंवा त्यांच्याकडून घेतो. म्हणून त्याचा रंग बदलतो.

सतारीची तार आठवा. तार जाड की बारीक, सैल की ताणलेली, यावर तिचा सूर ठरतो. तसेच अणू कोणते आणि ते एकमेकांशी कसे जोडलेले, यावर त्यांची कंपने ठरतात. यंत्र ही कंपने आलेखावर शिखरांच्या रूपात दाखवते. या आलेखाला रामन वर्णपट म्हणतात. लाजवर्दचे सर्वांत ठळक शिखर 548 या आकड्याजवळ येते, तर निळीचे 1570च्या आसपास. माणसाची ओळख अंगठ्याच्या ठशाने पटते, तशी पदार्थाची ओळख वर्णपटाने पटते.

आणखी एक गंमत पाहा. हिरा आणि शिसपेन्सिलीतील ग्राफाइट हे दोन्ही कार्बनच! पण अणूंची मांडणी वेगळी. म्हणून हिऱ्याचे शिखर 1332ला, तर ग्राफाइटचे 1580च्या जवळ दिसते. हाडाच्या वर्णपटात त्यातील खनिजाचे शिखर 960च्या आसपास असते आणि प्रथिनाची शिखरेही त्याच आलेखात सापडतात.

'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तुम्हांला ठाऊक असेल. पूर्वी पोथीतील चुकलेल्या अक्षरांवर हरताळ नावाचे पिवळे खनिज फासत. त्यात आर्सेनिक हे विष असते. पानावरचा पिवळा रंग हरताळाचा आहे हे आधीच कळले, तर पान हाताळणारा सावध राहतो.

या पद्धतीने खोटेपणाही उघडकीस येतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात 'व्हिनलँड नकाशा' आहे. तो पंधराव्या शतकातील आणि कोलंबसाच्या आधीचा मानला जाई. 2002 साली लंडनच्या दोन संशोधकांनी त्यावरील रेषा रामन पद्धतीने तपासल्या. पिवळसर रेषेत त्यांना अ‍ॅनाटेज हा पदार्थ आढळला. त्याचा रंग म्हणून वापर विसाव्या शतकात, 1920च्या सुमारास सुरू झाला! पुढे अन्य पद्धतींनीही तपासणी झाली आणि 2021 साली विद्यापीठानेच नकाशा बनावट असल्याचे जाहीर केले.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. बदललेला प्रकाश फार क्षीण असतो. 1960 साली लेसर आला, तेव्हा काम सोपे होऊ लागले. पण लेसर फार तीव्र ठेवला, तर नाजूक रंग जळू शकतो. काही पदार्थ, विशेषतः सजीवांपासून मिळालेले, स्वतःच चमकतात आणि त्या चमकेत शिखरे बुडून जातात. शिवाय मिळालेला वर्णपट माहीत असलेल्या पदार्थांच्या वर्णपटांशी ताडून पाहावा लागतो. प्रकाश खरी साक्ष देतो; ती नीट ऐकून घेणे मात्र माणसाच्या हाती असते.

शब्दार्थ
खरवडणे – घासून काढणे
क्षीण – अगदी कमी, दुबळा
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
बनावट – खोटा, नकली

स्वाध्याय
1. लाजवर्द आणि नीळ यांत कोणता फरक आहे?
2. हिरा व ग्राफाइट यांचे वर्णपट वेगळे का असतात?
3. व्हिनलँड नकाशाविषयी शंका का आली?
4. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.