सापाचं पिल्लू सापडलं, त्याला खायला काय द्यायचं?

पावसाळा लागला की जुन्नर-आंबेगावातल्या आमच्या गटांच्या बैठकीत हप्त्याच्या हिशोबाबरोबर एक प्रश्न हमखास निघतो. "सरपणात सापाचं पिल्लू सापडलंय. पोरांनी बरणीत ठेवलंय, पाळायचं म्हणतात. त्याला खायला काय द्यायचं?" आज त्याबद्दलच बोलू.

आधी दुधाचं बघू. सापिणीला दूध येत नाही, त्यामुळे पिल्लाला दूध ठाऊकच नसतं आणि ते त्याला पचतही नाही. गारुड्याचा नाग दूध पितो, कारण त्याला कित्येक दिवस पाणीच दिलेलं नसतं. तहानेला तो समोर येईल ते पितो.

नाग, धामण अंडी घालतात. घोणस आणि मांडूळ थेट पिल्लं देतात. नागीण अंडी राखते, पण पिल्लं बाहेर आली की तिचं काम संपलं. त्यांना भरवायला कुणी लागत नाही. पोटात उरलेल्या बलकावर पहिले काही दिवस निघतात, मग ती स्वतः शिकार करतात: छोटे बेडूक, पाली, सरडे, उंदरांची पिल्लं. भात, पोळी हे त्यांचं अन्नच नव्हे.

शिवाय सापाला अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही. ऊन लागलं की तो सावलीत जातो, गारठला की उन्हात येतो. बरणीत कुठे जाणार? भेदरलेलं पिल्लू खात नाही आणि उन्हात ठेवलेल्या बरणीत मरून जातं.

आता खरी काळजीची गोष्ट. "एवढंसं तर आहे, त्याला कुठलं विष?" असं म्हणू नका. विषारी सापाच्या पिल्लाला जन्मापासून विष असतं. घोणशीचं पिल्लू जेमतेम वीतभर असतं. अंगावरचे साखळीसारखे ठिपके बघून लोक त्याला अजगराचं पिल्लू समजतात आणि हातात घेतात. घरात पाली खायला येणारा कवड्या बिनविषारी, पण मण्यार त्याच्यासारखीच दिसते. तेव्हा ओळखता येतं म्हणून हात लावू नका.

कायद्यानेही हे चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे आपल्याकडचे साप पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. 'मांडूळ घरात ठेवला की पैसा येतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागलात तर पैसा येणार नाही, पोलीस केस मात्र होईल. मुलांना साप बघायची हौस असेल तर कात्रजच्या सर्पोद्यानात घेऊन जा.

मग पिल्लू दिसलं तर काय करायचं? मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब करा. लांबूनच लक्ष ठेवा. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा गावातल्या सर्पमित्राला फोन करा. शेतात दिसलं तर वाट द्या. मोठं होऊन ते तुमच्याच कणगीतले उंदीर खाणार आहे.

चावलंच, तर पिल्लू असो की मोठा, उपचार तोच. बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढा, कारण सूज येते. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. करकचून बांधू नका, कापू नका, चोखू नका. मांत्रिकाकडे न जाता १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तेव्हा दुखतही नाही, सूजही नसते. पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं कुणी म्हणालं, तर अॅसिडिटी समजून थांबू नका. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत अनेक वर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करत आले आहेत. वेळेत पोचलेला माणूस वाचतो, हे आपल्या भागाने पाहिलंय.

मैत्रिणींनो, १९२६ आणि १०८ हे दोन आकडे आजच गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आणि घरात चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. मुलांकडून पाठ करून घ्या.